नावाडणीचा मुलगा

"मग? वाचला का तो?" आमच्यातली सगळ्यात उंच, म्हणून जिला आम्ही लांबीच म्हणायचो, तिने विचारलं आणि तिच्या हातातलं चादरीचं टोक तसंच हवेत राहिलं.

मास्तरीण उशांचे अभ्रे मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. आदल्या दिवशी तिने गोष्ट अशा जागी आणून सोडली होती की आमच्यापैकी कुणाला धड झोप लागली नसेल. नावाडणीचा मुलगा डोंगरापलीकडे बोगद्याच्या कामावर गेलेला, बोगदा कोसळलेला, आणि नदीच्या पलीकडच्या काठावरून एक अनोळखी माणूस नावाडणीला हाका मारतोय. एवढं सांगून बाईसाहेबांनी अभ्र्यांची थप्पी ट्रॉलीत टाकली होती आणि हात झटकून घरी गेल्या होत्या.

"सांगते ना, जीव का खाताय," ती म्हणाली. हातातला अभ्रा तिने दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. "वाचला. पायाला लागलं थोडंसं. पण वाचला."

माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरून मावशी उभी होती. तिने मोठ्याने श्वास सोडला. "सुटले गं बाई!" म्हणत ती माझ्याकडे चालत आली, कोपऱ्याला कोपरा लावला आणि हसली. डोळे भरले होते तिचे. मला मात्र मास्तरणीचं काहीतरी खटकलं. एरवी ती गोष्ट सांगायची ती आमच्या तोंडाकडे बघत, कुणाला कुठे हसू येतंय, कोण कुठे डोळे पुसतंय ते टिपत. त्या दिवशी तिची मान वर झालीच नाही.

आमची ही घडीची खोली म्हणजे इस्पितळाच्या लाँड्रीतली शेवटची खोली. धुणं, वाळवणं, इस्त्री सगळं पलीकडे होतं. आमच्याकडे कापड येतं ते गरम आणि कोरडं. चादरीची घडी दोघींशिवाय होत नाही. टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, मागे जायचं, परत यायचं. यात बोलणारीला धाप लागते आणि शब्द तुटतात. म्हणून फार पूर्वीच असं ठरून गेलं होतं की मास्तरणीने बसून अभ्रे करायचे आणि आम्हाला पुस्तक सांगायचं. बसून करायचं काम असलं की बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, पण आमच्याकडे त्यावरून कधी ब्र निघाला नाही. ती रोज संध्याकाळी घरी जेवढं वाचेल तेवढंच दुसऱ्या दिवशी सांगायची, एक पान पुढे नाही. शेवटचं पान आधी बघणाऱ्यांची तिला भयंकर चीड होती. "तुम्हाला जेवढी हुरहूर, तेवढीच मला पण पाहिजे," म्हणायची. या हट्टानेच तिचा घात केला.

खरं तर ती कुठली मास्तरीण! सातवीतून शाळा सुटलेली, आमच्यासारखीच. पण वाचनाचं वेड जबरदस्त. वाचनालयातून दोन पुस्तकं आणायची, एक स्वतःला आणि एक आमच्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात मारायला. माणूस बघून पुस्तक निवडायची. लांबीच्या घरात सासू-नवऱ्याची कायम धुसफूस, म्हणून तिला विनोदी. मला म्हणाली, "तुझी सगळ्यांवर नजर असते, तुला खुनाचं आवडेल." ते खुनाचं पुस्तक महिनाभर आमच्या कपाटावर धूळ खात पडलं. मग मी ते परत आणलं आणि सांगितलं, फार छान आहे.

"खून कुणी केला?"

"नवऱ्याने," मी ठोकून दिलं.

"त्यात नवरा नाहीच आहे," ती म्हणाली. रागावली नाही. पुस्तकावरून हात फिरवून तिने ते पिशवीत ठेवलं, आणि पुढच्या आठवड्यात मला दुसरं दिलं.

तिच्या घरी नवरा टीव्हीसमोर आणि मुलगा मोबाइलमध्ये. वाचलेलं कुणापाशी तरी बोलावं याची तिला भूक होती आणि ती आमच्यावर भागवायची. पण तिचं समाधान त्यात नव्हतं. "मी सांगते ते उष्टं, गं," म्हणायची. "एकदा तरी कुणीतरी ताजं खाऊन बघा." आम्ही हो हो म्हणायचो. आयतं कानावर पडत असताना डोळे कोण फोडणार?

त्या संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी काही विचारायच्या आत तिने पुस्तक पिशवीतून काढून माझ्या मांडीवर उघडून ठेवलं.

"वाच."

"आता? बसमध्ये?"

"वाच म्हटलं ना."

मी वाचलं. पलीकडच्या काठावरचा तो माणूस नावेत चढतो. काही बोलत नाही. मुलाचे बूट नावाडणीच्या पायाशी ठेवतो आणि समोर बसतो. तीही काही विचारत नाही. वल्ही मारत त्याला अलीकडे आणते, नाव बांधते आणि मग विचारते. मला पुढचं वाचवेना.

"मेला की गं हा," मी म्हणाले.

"काल रात्री जेवण झाल्यावर वाचलं. मला काय ठाऊक असं निघेल! मी मावशीसमोर हे कशी सांगणार होते?"

"का? गोष्टच आहे ना?"

मावशीचा मुलगा जहाजावर कामाला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लांबचा पल्ला, महिनोन्महिने पत्ता नाही, पण लेकीच्या फोनवर त्याचा अधूनमधून फोन येतो, असं मावशीच सांगायची. नेमका ती कामावर असतानाच यायचा. त्यावरून आम्ही तिची थट्टाही करायचो, की पोरगं आईला घाबरतं म्हणून.

मास्तरणीने बसमध्ये इकडेतिकडे बघितलं. "तो नाहीये," ती म्हणाली. "जहाजावरून पडला. सापडला पण नाही. मावशीच्या छातीचं ऑपरेशन होतं ना, त्याच्या आधीच कळवलं होतं कंपनीने. मी भेटायला गेले तेव्हा लेक कॉरिडॉरमध्ये रडत होती. म्हणाली, डॉक्टर म्हणतात धक्का बसता कामा नये. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू. मग म्हणाली टाके निघू देत. मग म्हणाली, जरा अंगात ताकद येऊ दे. आता तिला सांगायचं धाडसच होत नाही."

दिवसातून किती वेळा ती बाई चादरीचं टोक घेऊन माझ्या इतक्या जवळ येते की तिचा श्वास मला लागतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं, आणि उद्यापासून तिच्या तोंडाकडे बघायचं होतं.

"आता काय करणार?"

"करायचं काय? त्याला जिवंत ठेवायचा," मास्तरीण म्हणाली.

आणि तिने ठेवला. खोटं सांगायला लागल्यापासून मास्तरीण जास्तच रंगवून सांगू लागली, हे मला मान्य केलं पाहिजे. नावाडणीचा मुलगा लंगडत घरी आला. आईशी भांडला, नाव विकू या म्हणाला. मग त्यानेच नावेची फळी बदलली. मलमपट्टी करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला, तिला नावेतून फिरवायला नेलं आणि वल्हं पाण्यात घालवून बसला. आम्ही पोट धरून हसलो. मुकादम एरवी दारातून "हात चालवा, हात चालवा" ओरडून जाणारा माणूस. तोही ट्रॉलीची चाकं तपासायच्या निमित्ताने घुटमळू लागला. मावशी तर खुललीच. "माझा पण अस्साच," म्हणायची, "हट्टी मेला. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं." ती 'माझा' म्हणाली की मास्तरणीचे हात थांबायचे. मी मुद्दाम चादर जोरात झटकायचे.

मग एका दुपारी, डबे धुऊन आम्ही पुन्हा कामाला लागत होतो तेव्हा मावशी म्हणाली, "मास्तरीण, ते पुस्तक मला दे गं दोन दिवस."

लांबी हसली. "मावशी, तुम्ही वाचणार?"

"का? मला अक्षरं येतात. औषधांच्या बाटल्या मीच वाचते माझ्या. हळू वाचेन, पण वाचेन. तो घरी येतो ना, ते पान मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

इतकी वर्षं आमच्या विनवण्या करून थकलेल्या मास्तरणीकडे आज पहिल्यांदा कुणी आपणहून पुस्तक मागितलं होतं. आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आणते ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक विसरली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कुठेतरी ठेवलं होतं. मग तिने सांगितलं की मुदत संपली म्हणून परत केलं. इतकी पुस्तकं वाचून बाईला साधी थाप मारता येत नव्हती. मावशी "बरं" म्हणाली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः वाचनालयात गेली. या वयात, छातीवर टाक्यांचा व्रण घेऊन, जिने चढून.

"तिथला माणूस म्हणाला, त्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि ती तुझ्याकडेच आहे," सोमवारी तिने सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. "मी खराब करेन असं वाटतं का तुला?"

"तसं नाही हो मावशी."

"मग कसं?"

मास्तरणीने वाकून ट्रॉलीतून दुसरा अभ्रा घेतला. आम्ही बाकीच्या चादरी ओढत राहिलो.

त्या संध्याकाळी तिने मावशीच्या लेकीला फोन केला. मी शेजारीच उभी होते. "अगं, तूच सांगून टाक आता," ती परोपरीने विनवत होती. पलीकडून लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काकू, एवढं काय त्यात? पुस्तक देऊ नका, संपलं. हरवलं म्हणा." मास्तरणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुस्तक मागितलंय, बाळा. आणि मी ते लपवून ठेवलंय. मला घास गिळवत नाही." लेकीने फोन ठेवला.

सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "ते पान कापायला मी ब्लेड घेतलं होतं हातात. एकच पान. मावशीला कळलंही नसतं, तिला वाटलं असतं जुनं पुस्तक आहे, गळालं असेल."

"मग?"

"मग काय, नाही कापलं." पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी कळवळणारी बाई ती. "हात धजला नाही. आणि कापून तरी काय, पुढे सगळीकडे नावाडीण रडतेच आहे. किती पानं कापू?"

तिने पुस्तक मावशीच्या हातात दिलं. सोबत एवढंच म्हणाली, "मावशी, मी सांगते तसंच सगळं त्यात असेल असं नाही. मी थोडं माझं घालते."

"घालतेस हे माहितीये," मावशी म्हणाली. "स्वयंपाक कुणीही केला तरी हाताची चव येतेच." आणि तिने पुस्तक डोक्याच्या रुमालात गुंडाळून ठेवलं.

त्यानंतर आमच्या खोलीत गोष्ट बंद झाली. मावशीनेच बजावलं होतं, मी तिथवर येईपर्यंत पुढचं सांगायचं नाही म्हणून. चहाच्या वेळी ती खिडकीजवळ बसायची, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. एकेक पान म्हणजे डोंगर चढल्यासारखं. पण चेहरा असा की आम्ही बघत राहायचो. मध्येच हाक मारायची, "ए मास्तरीण, नावेला डांबर लावतात ते तू गाळलंस की! काय सुंदर लिहिलंय. मला वासच आला." किंवा, "ही नावाडीण शिव्या देते गं. तू हिला अगदीच साधी करून टाकली होतीस." मास्तरीण हसायची. तिला आनंद होत होता, हे मी बघितलंय. दुसऱ्या क्षणी ती पुस्तकात मावशीचं बोट कुठवर आलंय ते बघायची आणि तिचा रंग उडायचा. डावीकडच्या वाचून झालेल्या पानांची चळत जाड होत चालली होती.

मावशी त्या पानावर पोचली की काय होईल, हे तिने माझ्यापाशी बोलणं सोडून दिलं होतं. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदाच म्हणाली, "कदाचित कंटाळून सोडेल. तू नाही का सोडलंस?" माझ्यासारख्या आळशी बाईवर तिची आशा येऊन ठेपली होती.

मावशीने सोडलं नाही.

एके सकाळी ती कामावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी लांबीबरोबर चादरी केल्या. तिच्या उंचीशी माझं काही केल्या जमेना, कोपरे तिरके यायला लागले. मास्तरीण अभ्रे करत होती आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. दुपारी दारात मावशीची लेक उभी राहिली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"झालं समाधान?" तिने सरळ मास्तरणीला विचारलं. "नका देऊ म्हटलं होतं ना मी? हरवलं म्हणा, असं सुचवलं पण होतं."

मास्तरीण उठून उभी राहिली. मांडीवरचे अभ्रे खाली पडले. "कशी आहे ती?"

"रडली पण नाही. परवा संध्याकाळी पुस्तक मिटून माझ्याजवळ आली. मी भाजी चिरत होते. म्हणाली, पुस्तकातला पोरगा मेलाय. मास्तरणीने माझ्यापासून लपवलं. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? गोष्टीतलाच तर पोरगा. तरी लपवलं." लेकीने भिंतीला हात टेकला. "मग म्हणाली, आपला कधी गेला?"

लांबीला आणि बाकीच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या एकदा लेकीकडे, एकदा मास्तरणीकडे बघत होत्या.

"मी सांगितलं सगळं," लेक म्हणाली. "तिने तारीख विचारली. मग म्हणाली, म्हणजे मी ऑपरेशनला गेले तेव्हा. आणि मग मला म्हणाली, तू एकटीनेच काढलेस गं इतके दिवस. मला, काकू! मला जवळ घेतलं तिने." आता ती मोठ्याने रडायला लागली. मास्तरणीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकून टाकला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं.

मावशी पुढच्या आठवड्यात कामावर आली. ती खंगली होती. डोक्याचा रुमाल तिने नीट बांधला, हात धुतले. मास्तरीण तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, माझं चुकलं."

"चुकलं," मावशी म्हणाली. "मी काय काचेची आहे? एकीने लपवायचं, दुसरीने लपवायचं. मी इथे हसत होते, पोट धरून हसत होते, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता." हे म्हणताना तिने माझ्याकडेही बघितलं. मी मान खाली घातली. त्या नजरेचं मला आजही वाईट वाटतं.

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"झाला ना पण. आता गप्प बस जरा." तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि आमच्या सगळ्यांकडे वळली. "यांना अजून वाटतंय, तो लंगडत घरी आलाय आणि पोरीला नावेतून फिरवतोय. होय ना गं लांबे?"

लांबी चाचरली. "आम्हाला आता कळलंय, मावशी."

"कळलंय, पण ऐकलं नाहीये. हे पुस्तक चांगलं आहे, बायांनो. हिने सांगितलं त्याहून फार चांगलं आहे." मास्तरणीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. लागलंही असेल तिला ते. आणि आयुष्यभर जे कुणीतरी म्हणावं म्हणून तिने जिवाचा आटापिटा केला होता, तेही तेच होतं. "वाचा एकेकीने. तोवर मी वाचते ते ऐका."

मास्तरणीने मावशीची जागा घेतली आणि माझ्यासमोर चादरीचं टोक धरलं. मावशी वाचू लागली. बोट ओळीवर, एकेक शब्द सुटा सुटा. माणूस नावेत चढला. बूट पायाशी ठेवले. तिच्या वाचण्यात हेल नव्हते, रंगवणं नव्हतं. एकेक शब्द ती जमिनीवर ठेवत होती. मुकादम दारात आला. हात चालवा म्हणायला त्याने तोंड उघडलं असावं, पण तो चौकटीला टेकून उभा राहिला. आमचे हात तर कधीच थांबले होते. मास्तरीण आणि मी चादर ताणून तशाच उभ्या होतो.

"तिने नाव बांधली," मावशीने वाचलं, "आणि विचारलं, कुठे सापडला. तो म्हणाला, ढि... ढिगा..." ती अडली. जोडाक्षर होतं. तिने बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, पुन्हा अडली. लांबीने मास्तरणीकडे बघितलं, मुकादमानेही बघितलं. मास्तरणीला ते पान तोंडपाठ होतं. तिने ओठ मिटून घेतले आणि चादरीचं टोक घट्ट धरलं.

मावशीने चष्मा नाकावर सारखा केला आणि तो शब्द पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचायला घेतला.